कोटवाराची वही आणि गावाची वंशावळ : जामुलच्या निमित्ताने

इंग्लंडमधील एखाद्या लहानशा पॅरिशचा इतिहास लिहिणाऱ्याला बरीचशी साधनसामग्री अगोदरच सिद्ध असते. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. तीत जमीनदार येतो तसा शेतमजूरही येतो. १७५३ च्या विवाहविषयक कायद्यानंतर वधूवरांची सही आवश्यक ठरली आणि निरक्षरांच्या फुल्या कागदावर उमटल्या. जॉर्ज क्रॅबला १८०७ साली 'द पॅरिश रजिस्टर' या काव्याची मांडणी याच तीन सदरांत करावीशी वाटली, यात नवल नाही.

मराठीत याला समांतर म्हणून कुलवृत्तांताकडे बोट दाखवण्याची सवय आहे. ही तुलना मला मान्य नाही. कुलवृत्तांताचा घटक गाव नसून कूळ होय. तो मूळ पुरुषापासून निघतो, स्थलांतराबरोबर गावे ओलांडत जातो आणि सासरी गेलेल्या कन्येपाशी बहुधा थांबतो. गावात राहिलेल्या, पण कुळाबाहेरच्या माणसांना त्यात जागा नाही.

भिलाईलगतचे जामुल घ्यावे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरास होते. पुढे सुभेदार, परगणे, कमाविसदार. या व्यवस्थेला गाव दिसते ते वसुलीपुरते, आणि गावातर्फे बोलतो तो गौटिया. १८६० च्या दशकातील इंग्रजी बंदोबस्ताने मालगुजारांना मालकी हक्क दिले. ते १९५१ पर्यंत टिकले.

मजुराचे नाव मात्र कोटवाराच्या वहीत शोधावे लागते. गावातील जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देणे हे या गावरक्षकाचे काम. तो बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींतला, पुष्कळदा निरक्षर. वही त्याची, अक्षर दुसऱ्याचे. पॅरिशच्या नोंदवहीशी खरे नाते आहे ते हिचे. फरक असा, की हिच्यात विवाह नाही. त्यामुळे दोन घरांना जोडणारा धागाच कागदावर येत नाही, आणि वंशावळ तेथेच तुटते.

१९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. १९६५ मध्ये जामुलला सिमेंटचा कारखाना आला. जामुलचे आता नगर झाले आहे. पण जुन्या कागदांची गरज संपलेली नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा वंशावळीसह जोडावा लागतो. ज्याच्या पूर्वजाच्या नावे जमीन होती, त्याला १९२९-३० च्या बंदोबस्ताची 'मिसल' सापडते; भूमिहीनाच्या हाती काहीच येत नाही. २०१३ च्या कायद्यानंतर अशांसाठी ग्रामसभेचा, शहरी भागात नगरसंस्थेचा, ठराव ग्राह्य धरण्याची सोय झाली. त्यासाठी आजा-पणज्यांची नावे पुन्हा तोंडीच सांगितली जातात.