कॉन्स्टँटिनोपलची गादी कोणाची?

एप्रिल १०४२. कॉन्स्टँटिनोपलच्या चौकात नगरप्रमुख सम्राट पाचव्या मायकेलचे फर्मान वाचत होता. वृद्ध सम्राज्ञी झोईने विषप्रयोगाचा कट रचला, म्हणून तिला बेटावरच्या मठात धाडले आहे, असा त्याचा मजकूर होता. ते ऐकताच गर्दी खवळली. मायकेल हा जहाजांच्या फटी बुजवणाऱ्या कारागिराचा मुलगा. झोईने दत्तक घेतले म्हणूनच तो गादीवर आला होता. त्याने आता तिलाच हाकलावे, हे शहराला सहन झाले नाही. दरबारातला इतिहासकार मायकेल सेलस याने हा उठाव स्वतः पाहिला. एरवी घराबाहेर न दिसणाऱ्या बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. घाबरलेल्या मायकेलने झोईला परत आणून लोकांसमोर उभे केले, पण तोवर उशीर झाला होता. लोकांनी तिची बहीण थिओडोरा हिला मठातून आणून आयासोफिया चर्चमध्ये सम्राज्ञी घोषित केले. मायकेलचे डोळे काढण्यात आले आणि दोघी बहिणींनी मिळून काही आठवडे साम्राज्य चालवले.

ज्याला आज आपण बायझंटाइन साम्राज्य म्हणतो, त्याची प्रजा स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत असे. सम्राट हा पृथ्वीवरचा देवाचा प्रतिनिधी, अशी तिची श्रद्धा होती. मात्र हा प्रतिनिधी कसा निवडायचा, याचा पक्का कायदा कधीच झाला नाही. सैन्य, सिनेट आणि राजधानीतील जनता यांनी जयजयकार केला की माणूस सम्राट होई. पाचव्या शतकापासून मुख्य धर्मगुरूच्या, म्हणजे पॅट्रिआर्कच्या, हातून मुकुट घेण्याची प्रथाही रुळली. मुलाला हयातीतच सहसम्राट करून बाप वारसा पक्का करू पाही.

त्यामुळे गादीची दारे कोणालाही पूर्ण बंद नव्हती. ५१८ मध्ये सम्राट झालेला जस्टिन शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता. बेसिलचेही घराणे सामान्यच. ८६७ मध्ये त्याने आपला आश्रयदाता तिसरा मायकेल याचा खून करवला आणि तो सम्राट झाला. बंड यशस्वी झाले तर ती देवाची इच्छा, फसले तर राजद्रोह! खुनातून उभ्या राहिलेल्या बेसिलच्या घराण्याने पुढे जवळजवळ १९० वर्षे राज्य केले. झोई आणि थिओडोरा याच घराण्यातल्या.

पदच्युत सम्राटाला विद्रूप करण्याची रीतही सम्राट हा देवाचा प्रतिनिधी या विचारातूनच आली. शरीराने अव्यंग असेल तोच राज्याला पात्र, असा समज होता. ६९५ मध्ये दुसऱ्या जस्टिनियनचे नाक कापून त्याला क्रिमियात हद्दपार केले गेले. पण हा गडी हार मानणारा नव्हता. बल्गार राजा टेरवेलची फौज घेऊन तो ७०५ मध्ये परतला, पाणीपुरवठ्याच्या नळमार्गाने शहरात शिरला आणि कापल्या नाकानिशी पुन्हा सहा वर्षे गादीवर बसला. पुढे नाकाऐवजी डोळे काढण्यावर अधिक भर दिसतो.

७९७ मध्ये सम्राज्ञी आयरीनने आपल्याच मुलाचे, सहाव्या कॉन्स्टंटाइनचे, डोळे काढवले आणि ती एकटी राज्य करू लागली. रोममध्ये काहींनी याचा सोयीचा अर्थ लावला: गादीवर बाई आहे, म्हणजे गादी रिकामीच आहे. ८०० च्या नाताळात पोप तिसऱ्या लिओने फ्रँकांचा राजा शार्लमेन याला सम्राटपदाचा मुकुट घातला. कॉन्स्टँटिनोपलला ही उघड चोरी वाटली. ८१२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलांनी आखेन येथे शार्लमेनला नाइलाजाने सम्राट म्हणून संबोधले, पण आपणच खरे रोमन हा दावा सोडला नाही.

पॅट्रिआर्कही नुसता मुकुट घालणारा नव्हता. ९६९ मध्ये जॉन झिमिस्केसने सम्राट निकेफोरस फोकासचा खून केला. त्या कटात सामील असलेल्या सम्राज्ञी थिओफानोला राजवाड्याबाहेर काढल्याशिवाय मुकुट मिळणार नाही, असे पॅट्रिआर्क पॉलियुक्टसने बजावले. जॉनला ते ऐकावे लागले. १२६१ मध्ये सम्राट आठव्या मायकेलने लॅटिनांकडून, म्हणजे पश्चिम युरोपीय राज्यकर्त्यांकडून, राजधानी परत मिळवली आणि त्याच वर्षी आपला अकरा वर्षांचा सहसम्राट चौथा जॉन याचे डोळे काढवले. पॅट्रिआर्क आर्सेनियसने मायकेलला धर्मबहिष्कृत केले. सम्राटाने आर्सेनियसलाच पदावरून काढले, पण या वादाने चर्चमध्ये पडलेली फूट सम्राटाच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे टिकली.

एवढी बंडे होऊनही साम्राज्य हजारावर वर्षे टिकले, कारण बंडखोरांना गादी मोडायची नव्हती, बळकावायची होती. शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याची घोषणा १४४९ मध्ये मिस्त्रास येथे झाली. रोमच्या चर्चशी ऐक्य करण्यावरून राजधानीत तट पडले होते, म्हणून आयासोफियात पॅट्रिआर्कच्या हातून त्याचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. तरीही २९ मे १४५३ रोजी शहराच्या तटावर लढताना मारला गेलेला हा माणूस सम्राटच होता, याबद्दल इतिहासात दुमत नाही.