ब्रिटनची 'फर्लो' योजना : नोकरी टिकली, पण कोणाची?

'फर्लो' हा शब्द मराठी वाचकांना परिचित आहे तो कैद्यांना मिळणाऱ्या रजेमुळे. ब्रिटनमध्ये मात्र २०२० साली तो निराळ्या अर्थाने घरोघरी पोहोचला. करोनाच्या साथीमुळे काम बंद पडलेल्या कर्मचाऱ्याला काढून न टाकता रजेवर ठेवायचे आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. 'कोरोनाव्हायरस जॉब रिटेन्शन स्कीम' हे तिचे अधिकृत नाव.

योजनेचे स्वरूप
पब व उपाहारगृहे बंद ठेवण्याचा आदेश निघाला त्याच दिवशी, २० मार्च २०२० रोजी, तत्कालीन अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी योजना जाहीर केली. पगाराच्या ८० टक्के, पण महिन्याला कमाल २,५०० पौंड, एवढी रक्कम १ मार्चपासून लागू झाली. सुरुवातीला रजेवरील कर्मचाऱ्याने मालकाचे कोणतेही काम करू नये, अशी अट होती. १ जुलैपासून काही दिवस काम व उरलेले दिवस रजा, अशी मुभा मिळाली.

पैसे कसे पोहोचले?
ब्रिटनमध्ये मालक प्रत्येक पगाराच्या वेळी कर्मचाऱ्याच्या वेतनाची व कपात केलेल्या प्राप्तिकराची माहिती महसूल विभागाला कळवतात. याच नोंदींच्या आधारे २० एप्रिलला दावे स्वीकारण्यास प्रारंभ झाला आणि सहा कामकाजी दिवसांत रक्कम मालकाच्या खात्यात जमा होऊ लागली. मे २०२० मध्ये एकाच वेळी सुमारे ८९ लाख नोकऱ्या या योजनेवर अवलंबून होत्या. ३० सप्टेंबर २०२१ रोजी योजना संपली तोवर १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा लाभ मिळाला होता. खर्च झाला सुमारे ७० अब्ज पौंड.

कोण वगळले गेले?
जी नोंदवही योजनेचे बळ ठरली, तीच तिची मर्यादाही ठरली. ठरावीक तारखेला वेतनपटावर नाव नसलेला कर्मचारी अपात्र ठरला. ही तारीख प्रथम २८ फेब्रुवारी होती, पुढे ती १९ मार्च करण्यात आली. तरीही या काळात नोकरी बदलणारे अनेक जण अडकले. छोट्या कंपन्यांचे जे संचालक पगाराऐवजी लाभांशावर घर चालवत, त्यांनाही त्या उत्पन्नावर मदत मिळाली नाही.

स्वयंरोजगारितांसाठी स्वतंत्र योजना होती. सरासरी नफ्याच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान तिच्यात मिळे. मात्र वार्षिक नफा ५० हजार पौंडांहून अधिक असलेले, तसेच निम्म्याहून कमी उत्पन्न स्वयंरोजगारातून मिळवणारे तिच्याबाहेर राहिले. या दोन्ही योजनांसाठी तब्बल २९ लाख लोक अपात्र असू शकतात, असे 'नॅशनल ऑडिट ऑफिस' या लेखापरीक्षण संस्थेने ऑक्टोबर २०२०च्या अहवालात नमूद केले. 'युनिव्हर्सल क्रेडिट' या सरकारी भत्त्यात आठवड्याला २० पौंडांची तात्पुरती वाढ झाली होती. अपात्रांपैकी अनेकांना त्याचाच आधार उरला. पण घरात बचत वा जोडीदाराचे पुरेसे उत्पन्न असल्यास तोही मिळत नसे.

परिणाम आणि आक्षेप
बेरोजगारीचा दर १२ टक्क्यांपर्यंत जाईल, असा अंदाज 'ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी'ने जुलै २०२० मध्ये वर्तवला होता. प्रत्यक्षात तो पाच टक्क्यांच्या थोडा वर जाऊन उतरला. मात्र कर्मचाऱ्यांना कामाला जुंपून त्यांच्या रजेचे पैसे उकळणारे मालकही निघाले. योजना ऑक्टोबरअखेर संपणार होती. मुदतवाढ जाहीर झाली ती अगदी शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी. तोवर अनेक मालकांनी कपात सुरू केली होती आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या तिमाहीत नोकरकपातीने उच्चांक गाठला.

योजना संपली त्या दिवशीही अकरा लाखांहून अधिक जण रजेवर होते. त्यानंतर आठवड्याभरातच भत्त्यातील २० पौंडांची वाढही मागे घेण्यात आली.