टोमॅटोची मर आणि बाजारचा बटाटा

आमोणे परिसरात पाऊस ओसरला की परसात टोमॅटो लागतो. जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत त्याचा खरा वैरी म्हणजे जीवाणूजन्य मर. पाने पिवळी न पडताच हिरवे झाड एकाएकी कोमेजते. खात्रीसाठी खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरावा. दुधाळ धागे उतरले, तर मरच. औषधाने असे झाड वाचत नाही; ते मुळासकट उपटून जाळावे.

कोंब आलेला बाजारचा बटाटा वाफ्यात पुरण्याचा मोह आवरावा. बटाट्यातूनही हा जीवाणू जमिनीत शिरतो. शिवाय कंद पोसण्यास लागणाऱ्या थंड रात्री गोव्यात मोजक्याच. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण मरीस प्रतिकारक आहे. मर झालेल्या वाफ्यात मात्र वांगी, मिरचीही नकोत, अळसांदे पेरावेत.