पळीभर तेल

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्यांनी बोनसवर बोलावे, वेतनाच्या करारावर बोलावे. आकाशाच्या दुर्बिणींशी त्यांना काय करावयाचे आहे? परंतु जळगाव-धुळ्याकडचे जिनिंगचे कारखाने, डाळ गिरण्या, तेल गिरण्या आणि चटईचे कारखाने यांच्या दारांशी आम्ही आयुष्याची बरीच वर्षे काढली आहेत, आणि यंत्र कसे मरते हे तेथे पाहिले आहे. केवळ म्हातारपणाने यंत्र क्वचितच मरते. आधी त्याला तेल घालणारा माणूस कमी होतो, मग फिटर कमी होतो, मग सुट्या भागांची मागणी पुढल्या वर्षावर ढकलली जाते. आणि एके दिवशी पट्टा तुटला की 'यंत्र जुने झाले होते' असा शेरा पडतो. विज्ञानाच्या मोठ्या उपकरणांचा इतिहास आम्ही वाचू लागलो, तेव्हा हाच शेरा तेथेही आढळला.

पहिले उदाहरण दूरचे आहे. कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचे अमेरिकेच्या सत्तेखालील एक बेट आहे. तेथे अरेसिबो गावाजवळ डोंगरांमधल्या नैसर्गिक खळग्यात १९६३ साली एक रेडिओ-दुर्बीण बांधण्यात आली. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सोडून आकाशातून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपणारे यंत्र ते रेडिओ-दुर्बीण होय. या दुर्बिणीची थाळी ३०५ मीटर व्यासाची होती, आणि तिच्यावर सुमारे १५० मीटर उंचीवर नऊशे टनांचा सांगाडा पोलादी तारदोरांनी टांगलेला होता. बुध स्वतःभोवती सुमारे ५९ दिवसांत फिरतो हे १९६५ साली येथेच कळले. १९७४ साली येथे जे जोडतारे सापडले, त्यांच्या शोधाला १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्यमालेबाहेरचे पहिले ग्रह ठरलेले जग १९९२ साली उघडकीस आले, तेही याच दुर्बिणीच्या साहाय्याने.

असे हे यंत्र १ डिसेंबर २०२० च्या सकाळी कोसळले. त्याआधी ऑगस्टमध्ये एक साहाय्यक तारदोर आपल्या खोबणीतून निसटला होता आणि नोव्हेंबरात एक मुख्य दोर तुटला होता. माणसे आधीच दूर केलेली असल्यामुळे जीवितहानी झाली नाही, एवढेच समाधान. परंतु या घटनेची सुरुवात २०२० मध्ये शोधून चालणार नाही. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नेमलेल्या समितीने असा सल्ला दिला होता की, नव्या दुर्बिणींसाठी पैसा मोकळा करावयाचा तर अरेसिबोचे अनुदान बरेच कापावे, आणि दुसरा कोणी वाटेकरी मिळाला नाही तर ते केंद्र बंद करावे. पुढे २०१७ साली मारिया हे चक्रीवादळ त्या बेटावरून गेले. दोरांची टोके ज्या खोबण्यांत जस्त ओतून पक्की केलेली होती, तेथून ती सरकत असल्याच्या खुणा त्यानंतरच्या तपासणीत दिसल्या होत्या. त्या खुणांकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिले गेले नाही, असे २०२४ च्या चौकशी-अहवालात नमूद आहे. तपासनिसाला खूण दिसते, पण ती दुरुस्त करण्याचा हुकूम निघत नाही, हा प्रकार आपल्याकडील कोणत्याही कारखान्यातल्या कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. २०२२ साली प्रतिष्ठानाने जाहीर केले की ती दुर्बीण पुन्हा बांधली जाणार नाही.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे तरुण अध्यापक होते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहावयास आले आणि त्यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशांतून पुण्यास सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या महाराष्ट्रावरून गेले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे परदेशांतूनही ज्योतिर्विद आले होते, आणि त्यांच्याबरोबर नायगमवालाही आपली उपकरणे घेऊन उभे होते. त्या निरीक्षणांचा अहवाल त्यांनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

एवढे होऊनही ही वेधशाळा चोवीस वर्षेच टिकली. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण व इतर साहित्य दक्षिणेत कोडाईकॅनॉलला पाठविण्यात आले. तिचा दाता कंजूष नव्हता आणि तिचा चालक आळशी नव्हता. उणीव होती ती व्यवस्थेची. देणगी एकदा मिळाली, माणूस एकच मिळाला; त्या माणसाच्या पाठीमागे दुसरा तयार करावा आणि त्याचा पगार दरसाल ठरलेल्या ठिकाणाहून यावा, अशी तरतूद कोणी केली नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या अभ्यासासाठी सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या होत्या. तेथील काम संपल्यावर त्या निकालात निघाल्या. गोविंद स्वरूप या तरुण भारतीय शास्त्रज्ञाने खटपट करून त्या भारतासाठी मागून घेतल्या. त्याच थाळ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कल्याणजवळ मांडल्या आणि १९६५ साली तेथे सूर्याचे वेध सुरू झाले. दुसऱ्याने टाकलेल्या साहित्यावर येथील माणसांचा हात बसला. पुढे १९७० साली उटीची रेडिओ-दुर्बीण झाली, आणि त्यानंतर नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची दुर्बीण उभी राहिली. मोठे काम पुष्कळदा जुन्या यंत्रावर शिकलेल्या माणसांच्या हातून होते. यंत्र मोडीत गेले की लोखंड जाते, आणि त्याबरोबर हे शिकणेही जाते.

येथे एक प्रश्न आमच्याच सभासदांनी आम्हांला विचारला आहे, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. ज्या देशात हंगामी कामगाराला वर्षातले चार महिने काम नसते, त्या देशाने ताऱ्यांवर पैसा का खर्चावा? बुधाचा दिवस किती लांब आहे हे कळल्याने आमच्या कापसाला भाव चढून मिळणार नाही, हे कबूल. परंतु आकडा पाहा. २०२०-२१ साली भारताचा सर्व प्रकारच्या संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. म्हणजे शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. आणि त्यांतच शेती, औषधे, संरक्षण आणि आकाश ही सगळी आली. गरिबाची भाकरी या चौसष्ट पैशांनी पळविलेली नाही. हे पैसे कापले तर ते हंगामी मजुराच्या घरी पोचतील, अशी हमी आजवर कोणी दिलेली नाही. उलट आमचा अनुभव असा की, जो हात प्रयोगशाळेतला परिचर कमी करतो, तोच हात कारखान्यातला तेलवालाही कमी करतो.

शिवाय हा प्रश्न आपल्या खानदेशाने आठशे वर्षांपूर्वी सोडवून पाहिला आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. पण तो लेख किती जणांनी पाहिला असेल? एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. 'सिद्धांतशिरोमणि' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला, आणि इ.स. १२०७ मधील श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला उत्पन्न तोडून देण्यात आले.

त्या लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि तो व्यवहाराचा आहे. बाजारात माल विकला जाई, त्यावर राजसत्तेला जो भाग मिळे तो मठाला दिला. नगरानेही आपल्या वाट्याचा भाग दिला. गिऱ्हाइकांकडून पाच पाच सुपाऱ्या, आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून एकेक पळी तेल! घाणेवाल्याला विचारून हा ठराव झाला असे आम्ही म्हणत नाही. तो काळ तसा नव्हता. परंतु ठराव करणाराला एक गोष्ट पक्की कळली होती. विद्येचे केंद्र चालावयाचे तर एका मोठ्या देणगीपेक्षा दररोज येणारे थोडे उत्पन्न अधिक उपयोगाचे असते. घाणा फिरत राही तोवर मठाचा दिवा तेलावाचून विझण्याचे कारण नव्हते.

आज आपल्याकडे नव्या उपकरणांचे दिवस आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेसाठी २०२३ साली केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अनेक देश मिळून उभारीत असलेल्या नव्या रेडिओ-दुर्बिणीतील आपल्या सहभागासाठी १,२५० कोटी ठरले. याचा आम्हांला आनंदच आहे. पण मंजुरीच्या बातमीबरोबर नागरिकांनी विचारावे: उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी दोर कोण तपासणार? त्याची नोकरी कायम की कंत्राटी? त्याने खूण दाखविली तर दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यातून निघणार? आणि हे प्रश्न औंढ्यापुरते ठेवू नयेत. आपल्या मुलांच्या शाळेतील प्रयोगशाळेचे कपाट उघडून पाहावे, सूक्ष्मदर्शक चालतो काय हे विचारावे, आणि परिचराची जागा रिकामी असेल तर ती भरा म्हणून संस्थेकडे अर्ज करावा. खानदेशातले घाणे गेले, तेल गिरण्या आल्या. पळीभर तेल देण्याची ऐपत या गावांत अजून आहे. ते तेल दरसाल, ठरल्या दिवशी आणि हिशेबाने द्यावे, एवढीच आपणांस विनंती.