एक बोली, दोन नावं, रकाना तिसऱ्याचाच

मी आईला ‘याडी’ म्हणते. ही गोरबोली. किनवट-मुखेडपासून लातूरपर्यंत तांड्यातांड्यावर ती बोलली जाते, पण ती मराठीची बोली नाही. तिची नाळ राजस्थानी बोलींशी जुळते. मुघल फौजांना धान्य पुरवत लमाण बैलांचे तांडे घेऊन दख्खनमध्ये उतरले. पुढे रेल्वे आली, बैलांवरचा व्यापार बुडाला आणि तांडे इथेच स्थिरावले.

तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली त्याचे तीन भाग झाले: मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नव्हती. त्यामुळे ती आपल्याकडे देवनागरीत, पलीकडे तेलुगू नाहीतर कन्नड लिपीत लिहिली जाऊ लागली. निजामाबादच्या तांड्यावरचं गाणं मला ऐकून समजतं. तेच तेलुगू लिपीत छापलं की एक अक्षर वाचता येत नाही.

2011च्या जनगणनेत 32 लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा ‘लमाणी/लंबाडी’ सांगितली, 15 लाखांहून जास्त लोकांनी ‘बंजारी’. बेरीज 48 लाखांवर जाते, म्हणजे कोकणी बोलणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. कोकणी 1992 पासून आठव्या अनुसूचीत आहे. आमचे दोन्ही आकडे मात्र हिंदीच्या बेरजेत मिसळले.

लिपी एक व्हायला वेळ लागेल. भाषेचं नाव एक करायला फक्त ठरवावं लागतं. जनगणनेवाले दारात येतील, तेव्हा तांड्यावरच्या प्रत्येकाने एकच नाव सांगावं.