उपाय सरल्यानंतरची शुश्रूषा

फुप्फुसाचा कर्करोग झालेला रोगी असाध्य ठरून पुण्याहून बारामती-इंदापुराकडे परतला, म्हणजे वैद्यकाचें कर्तव्य संपलें, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. वस्तुतः रोग हटला नाहीं तरी कळ व धाप पुष्कळ अंशीं हलकी करतां येते. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. परंतु अशा रुग्णांकरितां भारतांतील पहिलें शुश्रूषागृह, वांद्र्याचें शांति अवेदना सदन, निघावयास १९८६ साल उजाडावें लागलें. पुण्यानजीक वारजे येथें सिप्लाचें विनामूल्य केंद्र १९९७ सालीं सुरू झालें.

औषधाची कथा याहून विलक्षण आहे. अफूपासून निघणारें मॉर्फीन तीव्र वेदना शमवितें; अल्प मात्रेनें धापही कमी करतें. अफू आपल्याच देशांत पिकते. तरी १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकानें हें औषध रुग्णांस दुर्मिळ झालें. २०१४ च्या दुरुस्तीनें परवान्यांचें जंजाळ सुटसुटीत झालें. परंतु व्यसनाची धास्ती मनांतून जावयास कायदा पुरत नाहीं. इंदापूर तालुक्यांतील रोग्यास ती गोळी घरापाशीं निर्वेधपणें मिळेल, तेव्हांच हा इतिहास पुरा झाला असें म्हणतां येईल.