पंचवीस रुपये आणि दहा वर्षांचा करार

इ.स. १९०७ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या सत्कारसभेत गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंत मजल गेली आणि निवृत्त सुभेदार रामजींची ऐपत संपली. शिक्षण तेथेच थांबण्याचा प्रसंग आला.

त्या काळी शिष्यवृत्तीसाठी छापील अर्ज भरून देणे पुरेसे नसे. अर्जदाराला राजद्वारापर्यंत नेणारा कोणी लागे. ते काम केळुसकरांनी केले. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला साहाय्य करण्याचे आश्वासन महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईत दिले होते. त्याचे त्यांनी महाराजांना स्मरण दिले आणि भीमरावांना भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे समाधानकारक वाटली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. केळुसकरांसारखा मध्यस्थ ज्यांना लाभला नाही, असे किती विद्यार्थी मागे राहिले असतील, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना लगेच परतावे लागले. २ फेब्रुवारीला रामजींचे निधन झाले. त्याच सुमारास बडोदे सरकार काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जून १९१३ मध्ये झालेल्या करारानुसार ठरविलेल्या विषयांच्या अभ्यासातच वेळ घालवायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची होती. अट कठोर दिसते खरी. परंतु प्रजेच्या पैशातून दिलेली विद्या प्रजेच्या कामी यावी, ही दृष्टी तिच्यामागे होती. तारणापोटी ठेवण्यासारखे विद्यार्थ्याजवळ स्वतःच्या आयुष्याची दहा वर्षेच होती.

मिळालेल्या रकमेतून घरी पैसे धाडायचे, पोटाला चिमटा घ्यायचा आणि उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ग्रंथ घ्यायचे, असा त्यांचा न्यूयॉर्कमधील क्रम होता. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. मुदतवाढ मिळाली, तीही संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत तो पुन्हा हाती घेण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती.

सप्टेंबर १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्यास हजर झाले. ज्या संस्थानाने त्यांना सातासमुद्रापार शिकविले, त्याच्या राजधानीत त्यांना राहावयास खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. महाराजांच्या इच्छेला दरबारात मान होता. गावातल्या घरमालकांवर तिचा काही इलाज चालला नाही. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच निष्फळ ठरला.

लंडनचा उरलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० मध्ये गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनाच्या वेतनातून साठविलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. पारशी विश्रामगृहातून बाहेर पडलेल्या माणसाला पारशी मित्राने हात दिला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा कोलंबियासाठी लिहिलेला प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच्या अर्पणपत्रिकेत नाव आहे ते महाराज सयाजीराव गायकवाड यांचे. शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतेचे प्रतीक म्हणून.